‘एनएफएलमध्येच जाणार’ म्हणणाऱ्या मुलाच्या आईला

एडिसन, न्यू जर्सीहून एका आईने पाठवलेलं पत्र थोडक्यात असं: मुलगा 17 वर्षांचा, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात लाइनबॅकर (समोरच्यांना अडवणाऱ्या डिफेन्सच्या फळीतला मधला खेळाडू), उंची 6 फूट, वजन 200 पौंड. अभ्यासात चांगला, पुढे फिजिकल थेरपी करायची म्हणतो. पण त्याआधी एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, खेळायचं हे त्याचं पक्कं ठरलेलं. तीन कॉलेजांनी बोलावलं आहे. पहिलं डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या स्तराच्या, दुसऱ्या फळीतलं, थोडी स्कॉलरशिप देणारं. दुसरं लहानसं, शिकवण्यासाठी नावाजलेलं, डिव्हिजन थ्रीचं, म्हणजे खालच्या स्तरावरचं. तिसरं परराज्यातलं मोठं विद्यापीठ. तिथे स्कॉलरशिप नाही, ‘वॉक-ऑन’ म्हणून नुसती संघात जागा. मुलाला तिसरंच हवं आहे. वडील आजवर त्याच्या एकाही सामन्याला गेलेले नाहीत, विषय निघाला की उठून जातात. सांगलीहून आजी फोनवर विचारतात, ‘हाडं मोडून घ्यायला तिकडे गेलात का?’ पत्राच्या शेवटी आई लिहिते, की गेल्या वर्षी मुलाला एकदा कन्कशन (डोक्याला धक्का बसून मेंदूला होणारी इजा) झालं होतं. आणि परवा धाकट्या लेकीकडून कळलं, की तीन आठवड्यांपूर्वीच्या सामन्यातही त्याला डोक्याला मार बसून गरगरलं होतं, पण त्याने ते कोचला सांगितलं नाही. ‘मी त्याला थांबवू की जाऊ देऊ?’

ताई, नमस्कार.

कॉलेजांबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि गरगरण्याबद्दल चार ओळी. मी आधी त्या चार ओळींवर बोलणार आहे, कारण बाकी सगळं त्यांच्यावर अवलंबून आहे. याच आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे न्या. घरच्या नेहमीच्या डॉक्टरांपेक्षा कन्कशनचा अनुभव असलेले स्पोर्ट्स मेडिसिनवाले किंवा न्यूरॉलॉजिस्ट बघा. आता त्याला बरं वाटतंय, शाळेत जातोय, जेवतोय, हे पुरेसं नाही. मेंदू पहिल्या धक्क्यातून सावरलेला नसताना दुसरा धक्का बसला, तर कोवळ्या वयात तो जिवावर बेतू शकतो. म्हणून तर अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत कायदा आहे, की कन्कशनची शंका आली तरी मुलाला मैदानाबाहेर काढायचं. तुमच्या न्यू जर्सीत परत खेळण्याआधी डॉक्टरांची लेखी परवानगी लागते, आणि त्यानंतरही चालणं-पळणं, मग हलका सराव, मग टक्कर असं पायरीपायरीने परतावं लागतं. तुमच्या मुलाने या सगळ्या पायऱ्या एका गप्प बसण्याने ओलांडल्या. तेव्हा डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याने सामनाही खेळायचा नाही आणि टकरीचा सरावही करायचा नाही. इथे त्याची समजूत पटायची वाट बघू नका.

त्याने का लपवलं, हे मात्र त्याच्याकडून शांतपणे ऐका. डिफेन्समधल्या मुलांना लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली जाते: समोरचा पुढे सरकता कामा नये, आणि आपण बाहेर गेलो तर शेजारच्यावर भार पडतो. त्यात कॉलेजांची बोलणी चालू आहेत. दुखापतीची बातमी गेली तर बोलावणी थांबतील, ही भीती त्याला वाटली असणारच. ‘बघ, मी म्हणत नव्हते?’ असं तुम्ही म्हणालात, तर पुढच्या वेळी तो बहिणीलाही सांगणार नाही. त्याने घरी सांगितलं तर घर आकांडतांडव करणार नाही, एवढी खात्री त्याला तुमच्याकडून मिळायला हवी.

आता धोक्याबद्दल, न वाढवता आणि न लपवता. ज्युनियर सेऊ हे नाव तुमच्या मुलाला नक्की माहीत असेल. सॅन डिएगो चार्जर्सचा लाइनबॅकर, एनएफएलमध्ये 20 हंगाम खेळला, अख्ख्या शहराचा लाडका. मे 2012 मध्ये, वयाच्या 43 व्या वर्षी त्याने आत्महत्या केली. पुढच्या वर्षी तपासणीत निष्पन्न झालं, की त्याच्या मेंदूत सीटीई होता. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी जोडलेला, हळूहळू वाढत जाणारा मेंदूचा आजार. सेऊच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी शिकागो बेअर्सचा जुना सेफ्टी (डिफेन्सच्या सगळ्यात मागच्या फळीतला खेळाडू) डेव्ह ड्युअरसन गेला. त्याने छातीत गोळी झाडून घेतली, आणि आपला मेंदू संशोधनाला द्यावा अशी चिठ्ठी मागे ठेवली. त्याच्याही मेंदूत तेच सापडलं. बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 2017 साली एनएफएलच्या 111 दिवंगत खेळाडूंच्या मेंदूंचा अहवाल दिला, त्यात 110 जणांना सीटीई होता. हा आकडा वाचून घाबरण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या: ज्यांच्या घरच्यांना आधीच काहीतरी बिघडल्याची शंका होती, त्यांनीच बहुतेक मेंदू दान केले होते. त्यामुळे शंभरातल्या नव्व्याण्णव खेळाडूंना हा आजार होतो, असा अर्थ त्यातून निघत नाही. शिवाय त्याचं पक्कं निदान आज तरी मृत्यूनंतरच होतं. पण संशोधनातून एक दिशा स्पष्ट दिसते. जितकी जास्त वर्षं टकरीचा खेळ, तितका धोका मोठा. आणि त्यात फक्त चक्कर आणणारे मोठे मार धरायचे नाहीत, रोजच्या सरावातले लहान लहान धक्केही साठत जातात. न्यू जर्सीच्या शाळांनी 2019 पासून हंगामात आठवड्याला पूर्ण टकरीचा सराव फक्त 15 मिनिटांवर आणला, तो याचमुळे. कॉलेज निवडताना ही गोष्ट तुमच्या कामी येणार आहे.

एनएफएलकडे वळते. मुलाला ‘तुला जमणार नाही’ असं सांगू नका. तो तुम्हाला लगेच जेम्स हॅरिसन आणि जे. जे. वॉटची नावं सांगेल, आणि ती खरी आहेत. हॅरिसन लाइनबॅकरच, उंचीही तुमच्या मुलाएवढी, 6 फूट. केंट स्टेट या बिनचर्चेच्या विद्यापीठात तो वॉक-ऑन म्हणून शिरला. 2002 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलचे संघ फेरीफेरीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, त्याला कोणी घेतलं नाही. पिट्सबर्ग स्टीलर्सनी त्याला घेतलं आणि सोडलं, असं एकदा नाही, अनेकदा. मध्ये युरोपातल्या लीगमध्ये जाऊन खेळला. आणि 2008 च्या हंगामात तोच माणूस एनएफएलचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला. त्या हंगामाच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, मध्यंतराच्या आधीच्या शेवटच्या डावात त्याने प्रतिस्पर्ध्याचा पास आपल्याच गोल लाइनवर पकडला आणि पूर्ण 100 यार्ड धावत नेला. वॉटने तर मिळालेली स्कॉलरशिप सोडून विस्कॉन्सिनला वॉक-ऑन म्हणून जाणं पत्करलं, मधल्या काळात पिझ्झा पोचवले, आणि पुढे तीन वेळा तोच सन्मान मिळवला. माणसाला उभारी देणाऱ्या या गोष्टी आहेत, मलाही देतात.

पण त्याने आणखी थोडी माहिती स्वतः शोधून, लिहून काढावी. कॉलेज खेळांची संघटना असलेल्या एनसीएएच्याच हिशेबाने ड्राफ्टला पात्र ठरणाऱ्या कॉलेज खेळाडूंपैकी शंभरातले दोनसुद्धा एनएफएलपर्यंत पोचत नाहीत. पोचलेल्यांचं काय होतं? प्रत्येक संघ उन्हाळ्यात 90 खेळाडू गोळा करतो आणि ऑगस्टअखेर 53 ठेवतो. संघ 32. म्हणजे दरवर्षी हजाराहून जास्त धडधाकट, आयुष्यभर याचसाठी घाम गाळलेले तरुण एकदमच बाहेर पडतात. त्यातल्या काहींना प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये, म्हणजे सरावापुरत्या राखीव गटात, जागा मिळते. 2025 मध्ये तिथे नवख्याला आठवड्याला 13 हजार डॉलर होते. मुख्य संघात नव्याने आलेल्याचा किमान पगार त्याच वर्षी 8 लाख 40 हजार डॉलर. ऐकायला प्रचंड, पण तो हंगामातल्या आठवड्यांनी मोजून मिळतो आणि मधेच संघाने सोडलं तर बहुतेकांचा उरलेला पैसा बुडतो, कारण मोठ्या स्टार खेळाडूंसारखी हमी त्यांच्या करारात नसते. पेन्शनचा हक्क लागायला तीन हंगाम भरावे लागतात. खेळाडूंच्या संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे सरासरी कारकीर्दच साडेतीन वर्षांच्या आत संपते.

भारतीय रक्ताचा एक लाइनबॅकर एनएफएलमध्ये खेळून गेला आहे, हेही तुमच्या घरात माहीत असायला हरकत नाही. ब्रँडन चिल्लर, वडील भारतीय, लॉस एंजेलिसमधल्या यूसीएलए विद्यापीठाचा विद्यार्थी. सेंट लुइस रॅम्सनी त्याला 2004 मध्ये चौथ्या फेरीत घेतलं, पुढे ग्रीन बे पॅकर्सकडे गेला. 2010 च्या हंगामात दुखापतीने त्याला बसवलं, नेमक्या त्याच हंगामात पॅकर्सनी सुपर बोल जिंकला, आणि पुढच्या उन्हाळ्यात संघाने त्याला मोकळं केलं. तेव्हा तो तिशीचाही नव्हता. याला अपयश म्हणायचं कारणच नाही, उलट ही फार यशस्वी कारकीर्द आहे. फक्त सगळं उत्तम झालं तरी पुढची तीस-पस्तीस वर्षं शिल्लक राहतात, एवढं त्याने पाहावं.

म्हणून कॉलेज निवडताना एकच कसोटी लावा असं मी सुचवेन: उद्या सकाळी फुटबॉल बंद झाला तरी हा मुलगा याच कॉलेजात आनंदाने राहील का?

या कसोटीवर तिसरा पर्याय मला सगळ्यात कच्चा वाटतो. परराज्याची पूर्ण फी तुम्ही भरणार. मोठ्या संघात वॉक-ऑन मुलांचं बरंचसं काम असतं ते स्काउट टीमचं, म्हणजे येत्या शनिवारचा प्रतिस्पर्धी बनून मुख्य खेळाडूंना सराव द्यायचा. 200 पौंडांच्या लाइनबॅकरने 300 पौंडांच्या लाइनमनशी आठवडाभर टक्कर घ्यायची आणि शनिवारी बाजूला उभं राहायचं. डोक्याला धक्के पूर्ण, खेळायला मिळणं जवळपास शून्य. गेल्या पाच वर्षांत किती वॉक-ऑन खेळाडूंना पुढे स्कॉलरशिप मिळाली, हे त्या कोचना त्याने स्वतः विचारावं. चांगला कोच आकडा देतो.

पहिल्या कॉलेजचा निर्णय कागद वाचल्याशिवाय घेऊ नका. ‘स्कॉलरशिप दिली’ या तोंडी वाक्याला अर्थ नाही. ती एका वर्षाची असून दरवर्षी नव्याने ठरणार आहे का, की चार वर्षांची आहे? डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितला तर ती चालू राहील, असं लेखी आहे का? आणि फिजिकल थेरपीसाठी जे विज्ञानाचे विषय घ्यावे लागतात, त्यांच्या दुपारच्या लॅब सरावाच्या वेळेशी भांडतात. संघातली किती मुलं प्रत्यक्षात ते विषय घेतात? ही तिन्ही उत्तरं मनाजोगी आली तर पहिलं कॉलेजही उत्तम आहे.

दुसरं कॉलेज मुलाला कमीपणाचं वाटतंय, हे तुमच्या पत्रातून जाणवतं. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही. जी मदत मिळते ती मार्कांवर किंवा घरच्या ऐपतीवर. याची दुसरी बाजू त्याला सांगा: ती मदत त्याच्या गुडघ्यावर किंवा डोक्यावर अवलंबून नाही. खेळ सुटला तरी फी वाढत नाही. आणि तिथे तो खरोखर मैदानात उतरेल. माझा कौल तुम्ही मागितलात म्हणून देते, दुसऱ्यालाच. पण शेवटचा शब्द त्याचा असू द्या, कारण चार वर्षं पहाटे पाचला उठून वेट रूममध्ये जाणार आहे तो.

हे सांगताना ‘फुटबॉल सोड आणि अभ्यास कर’ असं त्याच्या कानावर पडलं, तर पुढचं तो ऐकणार नाही. त्यापेक्षा अॅलन पेज कोण, ते त्याला वाचायला लावा. मिनेसोटा वायकिंग्जचा डिफेन्सिव्ह टॅकल. 1971 साली तो अख्ख्या लीगचा एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) झाला; डिफेन्सच्या खेळाडूला हा मान त्याआधी कधीच मिळाला नव्हता. खेळत असतानाच त्याने मिनेसोटा विद्यापीठात कायद्याचं शिक्षण घेतलं, 1978 मध्ये पदवी मिळवली. त्या काळात तो लांब पल्ल्याचं धावू लागला होता, वजन उतरलं होतं. वायकिंग्जनी त्याला सोडलं, तर शिकागोकडून आणखी तीन-साडेतीन वर्षं खेळला. आणि 1993 मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाला. सत्तरीपर्यंत, म्हणजे 2015 पर्यंत तो त्या पदावर होता. ओहायोतल्या कँटनमध्ये, जिथे फुटबॉलचं हॉल ऑफ फेम आहे, तो तिथलाच. त्या इमारतीच्या बांधकामावर त्याने पोरवयात काम केलं होतं आणि पुढे त्याच इमारतीत त्याचा पुतळा बसला. मला या माणसाबद्दल लिहिताना फार आनंद होतो.

दुसरा मायरन रोल, तुमच्याच न्यू जर्सीत वाढलेला, बहामाजहून आलेल्या कुटुंबातला. फ्लोरिडा स्टेटचा सेफ्टी. नोव्हेंबर 2008 मध्ये त्याची ऑक्सफर्डला शिकण्यासाठीच्या ऱ्होड्स स्कॉलरशिपची मुलाखत अलाबामात होती आणि त्याच संध्याकाळी संघाचा सामना मेरिलँडमध्ये. मुलाखत देऊन, स्कॉलरशिप मिळवून तो विमानाने सामन्याला पोचला आणि उरलेला सामना खेळला. मग एक हंगाम सोडून ऑक्सफर्डला गेला. परत आल्यावर, याचं मन फुटबॉलमध्ये आहे का, अशी शंका एनएफएलच्या संघांना आली. सहाव्या फेरीत टेनेसी टायटन्सनी घेतलं खरं, पण मुख्य हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याला याचं दुःख झालं नसेल असं मी म्हणणार नाही. पण तो वैद्यकीय शिक्षणाकडे वळला, आणि बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात न्यूरोसर्जरीच्या प्रशिक्षणापर्यंत पोचला. फिजिकल थेरपीचं मनात असलेल्या मुलाला हा माणूस जवळचा वाटेल.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. ते रागावले आहेत असं तुम्ही लिहिता. मला वाटतं ते घाबरले आहेत, आणि खेळ कळत नसल्यामुळे जास्त घाबरले आहेत. सांगलीचा माणूस कबड्डी बघतच मोठा होतो. त्यांना सांगा, तुमचा मुलगा त्या पकड करणाऱ्या फळीच्या मधोमध उभा असतो. चढाई कुठून येणार हे त्याला आधी ओळखावं लागतं आणि बाकीच्यांना ओरडून जागा सांगाव्या लागतात. हे डोक्याचं काम आहे. कॅरोलायना पँथर्सचा ल्यूक कीकली समोरच्या संघाचे डाव चेंडू हलण्याआधीच ओरडून सांगायचा, इतका त्याचा अभ्यास असायचा. तुमचा मुलगा रात्री लॅपटॉपवर जुने सामने पुढे-मागे करून बघतो म्हणता, तो हाच अभ्यास. हंगामाचे थोडेच शुक्रवार उरलेत. मुलाला खेळायची परवानगी मिळो वा न मिळो, मिस्टरांनी एकदा तरी जावं. तो बाजूला बसलेला असेल तर तेव्हा तर नक्कीच जावं. या घरात फुटबॉल बंद करायची वेळ आली, तर ते सांगण्याचा अधिकार एकदाही न आलेल्या वडिलांना मुलगा देणार नाही. सासूबाईंना मात्र सगळं समजावत बसू नका. नातू डॉक्टरांना दाखवून आला आणि डॉक्टर काय म्हणाले, एवढं त्यांना खरं खरं कळवा. त्यांची काळजी रास्त आहे.

आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवलाच, तर कॉलेजच्या कागदावर सही करण्याआधी तिघांनी बसून थांबण्याच्या अटी ठरवा. आत्ता, डोकं थंड असताना. माझ्या मनातल्या अशा: आणखी एक कन्कशन झालं तर तो हंगाम तिथेच संपला, आणि पुढचं फक्त न्यूरॉलॉजिस्टच्या शब्दावर. लक्षणं लपवली तर खेळ बंद, कारण मग तुमच्या हातात कळण्याचा मार्गच उरत नाही. कॉलेजात परत खेळवायचं की नाही हे टीमचे डॉक्टर ठरवतात आणि कोच ते फिरवू शकत नाही, हे कॉलेजभेटीत त्यानेच विचारून घ्यावं. तसंच आठवड्याला किती दिवस टकरीचा सराव असतो, हेही. आणि एक विचारायचं राहू नये: सरावाच्या वेळीसुद्धा अॅथलेटिक ट्रेनर आणि एईडी (थांबलेल्या हृदयाला शॉक देणारं) यंत्र मैदानावर असतं का? 2 जानेवारी 2023 ला सिनसिनाटीत बफेलो बिल्सचा सेफ्टी डमार हॅमलिन टॅकल करून उठला आणि कोसळला, हृदय थांबलं होतं. मैदानावरच लगेच सीपीआर आणि शॉक मिळाला म्हणून तो वाचला, पुढच्या हंगामात परत खेळलासुद्धा.

अटी त्याच्याच हस्ताक्षरात असू द्या. त्याला हा हार मानण्याचा कागद वाटत असेल, तर कीकलीचंच उदाहरण द्या. 2013 चा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू, आठ हंगाम, अनेक कन्कशन, आणि जानेवारी 2020 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी, खेळायची इच्छा शिल्लक असताना तो थांबला. त्याआधी 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा ख्रिस बोरलँड तर एकाच हंगामानंतर थांबला, 24 व्या वर्षी, डोक्याच्या धोक्याचं वाचन करून. दोघेही लाइनबॅकर. दोघांच्याही धैर्याबद्दल कोणी शंका घेत नाही.

कॉलेजांच्या कागदांवर सह्यांचा काळ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतो, तेव्हा तुमच्याकडे थोडाच वेळ आहे. पण डॉक्टरांच्या भेटीआधी कोणत्याही कोचला होकार कळवू नका. ‘मेडिकल चेकअप चालू आहे, दहा दिवसांत सांगतो’ असं मुलाने मोकळेपणाने सांगावं. त्यावर जो कोच घाई करेल, त्याच्याकडे मुलगा पाठवायचा की नाही, हे तुम्हाला वेगळं विचारावं लागणार नाही. रिपोर्ट आला की मला लिहा. पहिल्या कॉलेजचा आर्थिक मदतीचा कागद मिळाला, तर त्यातला मुदतीचा आणि दुखापतीचा मजकूर जसाच्या तसा टाइप करून पाठवा, मी वाचून कळवते.